लॅपटॉप ‘शट डाउन’ करावा, ‘स्लीप’मध्ये ठेवावा की ‘हायबरनेट’? वीज कधीही जाते तिथे कोणता पर्याय योग्य?

तोरण्याच्या पायथ्याच्या वेल्ह्यातून केळद आणि मढे घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर पासली हे गाव लागते. पूर्वीचा वेल्हे आणि आताचा राजगड तालुका घाटमाथ्यावरचा. पावसाच्या बाबतीत हा पट्टा पुणे शहरापेक्षा कोकणाला जवळचा. जून ते सप्टेंबर संततधार आणि सोबतीला वारा. तारेवर फांदी पडली की वीज गेली. ती तासाभरात येईल की दुसऱ्या दिवशी, हे सांगणे कठीण.

अशा भागातही आता लॅपटॉपवाचून बरीच कामे अडतात. ग्रामपंचायतीचे हिशेब ‘ई-ग्रामस्वराज’वर भरायचे असतात. शाळेतल्या शिक्षकांना ‘सरल’ आणि ‘यूडायस’ची माहिती द्यायची असते. तलाठ्याचे फेरफार संगणकावर होतात. पुण्यात शिकणारी मुले सुटीत घरी आली की प्रवेशाचे अर्ज आणि प्रकल्प याच यंत्रावर करतात. काम संपले की बहुतेक जण झाकण मिटतात आणि उठतात.

झाकण मिटल्यावर लॅपटॉप खरोखर बंद होतो का? रात्रभर वीज नसेल तर अर्धवट राहिलेले काम सकाळी सापडेल का? रोज पूर्ण बंद करणे चांगले की वाईट? विंडोजच्या ‘पॉवर’ बटणाखालचे तीन-चार पर्याय दिसायला सारखे असले, तरी आत घडते ते अगदी वेगळे. ते समजले तर काम, बॅटरी आणि कधी कधी अख्खा लॅपटॉप वाचतो.

आधी एक फरक : रॅम आणि डिस्क

लॅपटॉपमध्ये माहिती दोन जागी असते. एक रॅम, म्हणजे कामाची तात्पुरती जागा. दुसरी हार्ड डिस्क किंवा एसएसडी, म्हणजे कायमची साठवण.

उघडलेली एक्सेल शीट, ब्राउझरमधली पाने, अर्धा टाइप केलेला अर्ज हे सगळे रॅममध्ये असते. रॅममधला प्रत्येक बिट एका अतिसूक्ष्म कपॅसिटरमधल्या विद्युतभारावर टिकून असतो आणि हा भार सतत गळत असतो. म्हणून यंत्र तो पुन्हा पुन्हा भरते. सर्वसाधारण रॅममध्ये दर ६४ मिलिसेकंदांच्या आत प्रत्येक ओळ एकदा तरी ताजी करावी लागते. वीज थांबली की ही उजळणी थांबते आणि माहिती जाते. डिस्कवरची माहिती मात्र विजेशिवाय राहते.

भात खळ्यावर पसरलेले असते तेव्हा ते हाताशी असते, लगेच झोडता-वारवता येते. पण अवकाळी पाऊस आला तर भिजते. कणगीत भरले की सुरक्षित, मात्र पुन्हा काढायला वेळ लागतो. रॅम म्हणजे खळे आणि डिस्क म्हणजे कणगी. बंद करण्याच्या सगळ्या पर्यायांमधला फरक एवढाच, की खळ्यावरच्या भाताचे काय करायचे.

‘स्लीप’मध्ये नेमके काय होते?

स्लीपमध्ये स्क्रीन, डिस्क, पंखा, प्रोसेसर यांचा वीजपुरवठा बंद किंवा अगदी कमी होतो. रॅमला मात्र थोडी वीज मिळत राहते. सगळे काम जसेच्या तसे खळ्यावर राहते, म्हणून झाकण उघडताच दोन-तीन सेकंदांत लॅपटॉप तयार होतो.

ही थोडी वीज म्हणजे किती? पारंपरिक स्लीपमध्ये साधारण अर्धा ते एक वॉट. महिनाभर अखंड एक वॉट खर्च झाला तरी पाऊण युनिटही होत नाही. त्यामुळे वीजबिलाची काळजी करण्याचे कारण नाही. काळजी करायची ती बॅटरीची.

साधा हिशेब पाहू. लॅपटॉपची बॅटरी ५० वॉट-तासांची आणि पूर्ण भरलेली असेल, तर एक वॉट दराने ती दोन दिवस पुरेल. पण बरेचदा झाकण मिटताना बॅटरी पूर्ण नसते. संध्याकाळी सात वाजता ३० टक्के शिल्लक असताना झाकण मिटले आणि रात्रभर वीज आली नाही, तर हाती १५ वॉट-तास उरतात. सकाळी दहाच्या सुमारास ते संपतात. बॅटरी जुनी असेल तर त्याआधीच.

स्लीप म्हणजे थोड्या वेळाची विश्रांती. जेवायला उठलो, दुकानात जाऊन आलो, ग्रामसभेत तासभर बसलो, अशा वेळी तो योग्य.

नव्या लॅपटॉपमधला स्लीप वेगळा असतो का?

होय. गेल्या काही वर्षांतल्या अनेक विंडोज लॅपटॉपमध्ये ‘मॉडर्न स्टँडबाय’ नावाची पद्धत आहे. यात लॅपटॉप मोबाइलसारखा वागतो. स्क्रीन बंद असते, पण यंत्र अधूनमधून जागे होऊन ईमेल, सूचना, अपडेट तपासू शकते. सगळे नीट चालले तर वीज कमीच लागते. पण एखादे सॉफ्टवेअर किंवा ड्रायव्हर त्याला झोपू देत नसेल, तर रात्रीत बॅटरी बरीच उतरते.

दुसरा त्रास बॅगेत होतो. झाकण मिटून लगेच बॅगेत भरलेला लॅपटॉप आत जागा राहिला तर हवा खेळायला वाव नसतो आणि तो तापतो. वेल्ह्याहून पुण्याला एसटीने निघालेल्या विद्यार्थ्याला स्वारगेटला उतरल्यावर बॅग गरम लागावी आणि बॅटरी रिकामी मिळावी, त्यामागे बहुधा हेच कारण असते. लिथियम-आयन बॅटरीला उष्णता सगळ्यात घातक. म्हणून प्रवासाला निघताना स्लीपवर भिस्त ठेवू नये. हायबरनेट किंवा शट डाउन करावे.

जुन्या लॅपटॉपमध्ये फिरणारी हार्ड डिस्क असते. झाकण मिटल्याबरोबर तो उचलून खड्ड्यांच्या रस्त्याला लागू नये. दिवा विझेपर्यंत किंवा संथ लुकलुकेपर्यंत थांबावे, म्हणजे डिस्कवरची सुई आपल्या जागी गेलेली असते.

मग ‘हायबरनेट’ म्हणजे काय?

हायबरनेटमध्ये रॅममधले सगळे काम डिस्कवरच्या एका मोठ्या फाइलमध्ये लिहिले जाते आणि नंतर लॅपटॉप पूर्ण बंद होतो. खळ्यावरचे भात कणगीत जाते. पुन्हा सुरू केल्यावर ती फाइल वाचून सगळ्या खिडक्या होत्या तशा उघडतात, अर्धवट वाक्यासकट.

याचा मोठा फायदा असा, की वीज जवळजवळ लागतच नाही. बॅटरी संपली, अगदी काढून ठेवली, तरी काम सुरक्षित राहते. एसएसडी असेल तर सुरू व्हायला दहा-वीस सेकंद लागतात. जुन्या हार्ड डिस्कवर त्याहून जास्त.

तोटे दोन. पहिला जागेचा. विंडोज या फाइलसाठी सहसा रॅमच्या सुमारे ४० टक्के जागा राखून ठेवते, म्हणजे ८ जीबी रॅम असेल तर साधारण सव्वातीन जीबी. दुसरा तोटा एसएसडी झिजण्याचा सांगितला जातो, पण तो फारसा खरा नाही. रोज एकदा तीन जीबी लिहिले तर वर्षाला सुमारे एक टीबी होते. अडीचशे जीबीच्या साध्या एसएसडीलाही अनेक कंपन्या ७५ ते १५० टीबी लेखनाची हमी देतात. लॅपटॉप जुना होऊन बदलला जाईल, तोवर ही मर्यादा गाठली जात नाही.

वीज कधी जाईल याचा भरवसा नसलेल्या गावात, काम अर्धे ठेवून रात्री झोपायचे असेल, तर सगळ्यात उपयोगी पर्याय हाच. आणि नेमका हाच पर्याय विंडोजच्या मेन्यूत बरेचदा दिसत नाही.

हायबरनेट मेन्यूत कसा आणायचा?

स्टार्टमध्ये ‘कंट्रोल पॅनेल’ शोधून उघडावे. तिथे ‘हार्डवेअर अँड साउंड’ आणि मग ‘पॉवर ऑप्शन्स’ निवडावे. डाव्या बाजूला पॉवर बटण दाबल्यावर काय व्हावे हे ठरवणारी ओळ असते, त्यावर क्लिक करावे. वरच्या बाजूची ‘सध्या उपलब्ध नसलेल्या सेटिंग बदला’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ दाबली की खालचे चौकोन सुरू होतात. ‘हायबरनेट’समोर खूण करून सेव्ह करावे.

याच पानावर झाकण मिटल्यावर काय व्हावे हेही ठरवता येते, तेही चार्जर लावलेला असताना आणि नसताना वेगवेगळे. चार्जर नसताना झाकण मिटल्यावर ‘हायबरनेट’ अशी निवड केली, तर सवय न बदलताही धोका टळतो. झाकण मिटायचे तसेच मिटावे. काम आपोआप डिस्कवर जाईल.

काही लॅपटॉपमध्ये कंपनीने हा पर्याय दिलेलाच नसतो. तिथे फाइल सेव्ह करून शट डाउन करणे हाच मार्ग.

बॅटरी संपत आली तर विंडोज स्वतः काही करते का?

करते. बॅटरी धोक्याच्या पातळीला, बहुतेक लॅपटॉपमध्ये पाच टक्क्यांच्या आसपास, आली की लॅपटॉप आपोआप हायबरनेट होतो. नवी बॅटरी असेल तर ही सोय पुरेशी आहे.

अडचण जुन्या बॅटरीची. तीन-चार वर्षे वापरलेली बॅटरी पडद्यावर १५ टक्के दाखवते आणि पुढच्याच मिनिटाला लॅपटॉप धप्पकन बंद होतो. पाच टक्क्यांची पातळी येतच नाही, मग हायबरनेट कधी होणार? अशा लॅपटॉपमध्ये ‘पॉवर ऑप्शन्स’च्या प्रगत सेटिंगमध्ये जाऊन धोक्याची पातळी १५ किंवा २० टक्के करून ठेवावी.

बॅटरी पूर्ण निकामी असलेले, फक्त चार्जरवर चालणारे लॅपटॉपही गावोगाव वापरात आहेत. वीज गेली की ते त्याच क्षणी बंद पडतात. त्यांच्यासाठी स्लीप हा पर्यायच नाही. काम सेव्ह करावे आणि शट डाउन करावे. खरे तर नवी बॅटरी हीच त्यांची दुरुस्ती. लॅपटॉपची बॅटरी हाच त्याचा यूपीएस असतो, आणि तोच नसेल तर डेस्कटॉपपेक्षा तो वेगळा राहत नाही.

‘शट डाउन’ केले म्हणजे सगळे पूर्ण बंद होते?

इथे बहुतेकांची समजूत चुकते. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आली आणि अनेक लॅपटॉपमध्ये ती आधीपासूनच सुरू असते. यात शट डाउन केल्यावर उघडलेली सॉफ्टवेअर बंद होतात, पण विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर यांची स्थिती डिस्कवर लिहून ठेवली जाते. थोडक्यात, अर्धे शट डाउन आणि अर्धे हायबरनेट. त्यामुळे दुसऱ्या दिवशी लॅपटॉप लवकर सुरू होतो.

याचा परिणाम असा, की रोज रात्री इमानाने बंद केलेल्या लॅपटॉपचा गाभा कित्येक दिवस ताजा झालेलाच नसतो. ‘टास्क मॅनेजर’ उघडून ‘परफॉर्मन्स’मध्ये सीपीयूखाली ‘अप टाइम’ पाहावा. कालच बंद केलेला लॅपटॉप तिथे १२ दिवस सुरू असल्याचे सांगू शकतो.

प्रिंटर ओळखला जात नाही, वाय-फाय अडकते, डिजिटल सहीचे डोंगल दिसत नाही, अशा वेळी अनेक जण शट डाउन करून पुन्हा सुरू करतात आणि तक्रार तशीच राहते. कारण गाभा तोच परत येतो. अशा वेळी ‘रीस्टार्ट’ निवडावे. रीस्टार्टमध्ये फास्ट स्टार्टअप वापरला जात नाही. विंडोज मुळापासून नव्याने सुरू होते.

पूर्ण बंदच करायचे असेल तर शिफ्टचे बटण दाबून धरून ‘शट डाउन’वर क्लिक करावे. दुरुस्तीला देताना, रॅम किंवा डिस्क बदलताना किंवा बरेच दिवस ठेवून देताना ही पद्धत वापरावी. एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील, तर फास्ट स्टार्टअप बंदच ठेवणे बरे. नाहीतर विंडोजच्या ड्राइव्हवर लिनक्समधून लिहिताना माहिती बिघडू शकते.

हे पर्याय आले कुठून?

सुरुवातीच्या पीसींना स्वतःला बंद करता येत नसे. विंडोज ९५ च्या काळात शट डाउन केल्यावर ‘आता संगणक बंद करायला हरकत नाही’ अशा अर्थाची सूचना काळ्या पडद्यावर येई आणि मग माणसाने हाताने बटण दाबायचे. डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी ‘एसीपीआय’ हे मानक जाहीर केले. वीज कधी, कुठे, किती द्यायची हे ठरवण्याचा अधिकार त्याने ऑपरेटिंग सिस्टीमला दिला. पारंपरिक स्लीपला त्यात ‘एस-३’, हायबरनेटला ‘एस-४’ आणि शट डाउनला ‘एस-५’ म्हणतात. दुरुस्तीवाल्याच्या तोंडी हे शब्द ऐकू आले तर ते याच पर्यायांबद्दलचे.

पॉवर बटण दाबून धरले तर?

बटण काही सेकंद दाबून धरणे म्हणजे बंद करणे नव्हे, वीज तोडणे. कोणत्याही सॉफ्टवेअरला आवराआवर करायला वेळ मिळत नाही. लॅपटॉप पूर्ण गोठला असेल, माउस हलत नसेल, तर दुसरा इलाजही नसतो. तरी ही रोजची सवय नसावी.

आजच्या डिस्कवर फाइलींच्या बदलांची नोंद ठेवली जाते, त्यामुळे अचानक वीज गेल्याने अख्खी डिस्क बिघडण्याचे प्रमाण पूर्वीपेक्षा कमी झाले आहे. पण ही नोंद डिस्कची मांडणी वाचवते, न सेव्ह केलेले काम नाही. एक्सेल आणि वर्ड मूळ सेटिंगनुसार दर १० मिनिटांनी तात्पुरती प्रत ठेवतात. म्हणजे वाईटात वाईट १० मिनिटांचे काम जाऊ शकते. ही वेळ सेटिंगमध्ये दोन-तीन मिनिटांवर आणता येते. मार्चअखेरीचा हिशेब भरताना हा बदल आधीच करून ठेवलेला बरा. संकेतस्थळावर भरत असलेल्या अर्जाला मात्र अशी कोणतीही प्रत नसते. तिथे प्रत्येक पानानंतर ‘सेव्ह’ किंवा ‘ड्राफ्ट’ दाबणे हाच उपाय.

‘अपडेट होत आहे, संगणक बंद करू नका’ अशी सूचना पडद्यावर असताना बटण दाबून धरू नये. अर्धवट अपडेटमुळे विंडोज सुरूच न होण्याची वेळ येऊ शकते. वीज जाण्याची लक्षणे असतील आणि बॅटरी अर्ध्याहून कमी असेल, तर ‘अपडेट अँड शट डाउन’ऐवजी साधा ‘शट डाउन’ निवडावा आणि अपडेट नंतर करावे. पण ते कायमचे टाळू नये. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, तर विंडोज ११ वर सुरक्षेची दुरुस्ती दरमहा येते. ती लागू व्हायला बहुतेक वेळा रीस्टार्ट लागतो.

विजा कडाडत असताना बंद केले की पुरे?

नाही. सगळ्यात महाग पडणारा गैरसमज हाच. लॅपटॉप शट डाउन केला तरी चार्जर बोर्डात असेल तर तो विजेच्या तारेला जोडलेलाच असतो. जवळपास वीज पडली की तारांमधून दाबाची लाट येते. ती चार्जर ओलांडून मदरबोर्डपर्यंत पोहोचू शकते. लॅपटॉप सुरू होता की बंद, याने फरक पडत नाही.

म्हणून वळवाच्या पावसात आणि परतीच्या पावसात, ढग गडगडू लागताच चार्जर बोर्डातून काढावा. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहिला तरी चालेल. इंटरनेटच्या राउटरचा अडॅप्टरही काढावा. फायबरची काचेची तार वीज वाहून नेत नाही, पण राउटरला वीज बोर्डातूनच मिळते, आणि राउटरपासून लॅपटॉपपर्यंत तांब्याची लॅन केबल असेल तर धोका तिथूनही येतो. मात्र वीज डोक्यावर आल्यावर घाईने प्लग काढायला जाऊ नये; ते काम आधीच व्हावे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ हे ॲप परिसरात वीज पडण्याची शक्यता मोबाइलवर कळवते. शेतातल्या माणसांसाठी ते मोलाचे आहेच, घरातल्या यंत्रांसाठीही उपयोगी पडते.

गेलेली वीज परत येते तेव्हाही दाब काही वेळ कमी-जास्त होतो. वीज आल्यावर पाच-दहा मिनिटांनी चार्जर लावावा. बोर्डाचे अर्थिंग एकदा वायरमनकडून तपासून घ्यावे.

लॅपटॉप अनेकांच्या हातात जात असेल तर?

तर प्रश्न फक्त विजेचा राहत नाही. स्लीपमधून जागा झालेला लॅपटॉप पासवर्ड मागत नसेल, तर समोरचा माणूस थेट उघड्या कामावर येतो. बँकेचे पान, लाभार्थींची यादी, डिजिटल सहीचे सत्र, सगळे त्याच्यासमोर. म्हणून झाकण उघडल्यावर पासवर्ड किंवा पिन मागितला जाईल अशी सेटिंग हवी. उठताना विंडोजचे बटण आणि ‘एल’ एकत्र दाबले की स्क्रीन लॉक होते.

ज्या लॅपटॉपमध्ये डिस्क सांकेतिक स्वरूपात ठेवलेली असते, तिथेही स्लीपमध्ये तिची किल्ली रॅममध्ये राहते. वीज तोडल्यावरही रॅममधली माहिती काही सेकंद ते काही मिनिटे वाचता येते, हे अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवून दिले होते. गावातल्या लॅपटॉपवर असा हल्ला होण्याची शक्यता कमी. पण प्रवासात चोरीला जाणारा लॅपटॉप स्लीपमध्ये असण्यापेक्षा पूर्ण बंद असलेला बरा, एवढा बोध त्यातून घेता येतो.

कार्यालय बंद करताना डिजिटल सहीचे डोंगल काढून कुलपात ठेवावे, सरकारी पोर्टलमधून लॉगआउट करावे आणि मग शट डाउन करावे. लॅपटॉप बंद केला म्हणजे पोर्टलही बंद झाले, असे प्रत्येक वेळी होत नाही.

मॅक, लिनक्स आणि क्रोमबुकचे काय?

ॲपलच्या मॅकबुकमध्ये हायबरनेट असा वेगळा पर्याय मेन्यूत नसतो. झाकण मिटले की तो झोपतो, आणि बॅटरी फार उतरली तर काम डिस्कवर ठेवण्याची सोय आतच असते. त्यामुळे रोज स्लीप, आणि बरेच दिवस वापर नसेल तर शट डाउन, एवढे पुरते. लिनक्समध्ये स्लीपला ‘सस्पेंड’ म्हणतात. उबुंटूसारख्या लोकप्रिय प्रकारात हायबरनेट सहसा सुरू केलेले नसते, म्हणून तिथे रात्री शट डाउन करणेच सुरक्षित. क्रोमबुकमध्ये बरेचसे काम इंटरनेटवर साठत असल्याने धोका कमी. पण रेंज नसताना केलेले काम पोहोचले की नाही, ते बंद करण्याआधी पाहून घ्यावे.

रोज बंद-चालू केल्याने लॅपटॉप खराब होतो का?

नाही. दिवसातून एक-दोनदा बंद-चालू करण्याने आजच्या लॅपटॉपचे काही बिघडत नाही. तसेच दिवसभर स्लीपमध्ये ठेवल्यानेही नाही. आयुष्य कमी होते ते उष्णतेने, ओलाव्याने आणि बॅटरी सतत शंभर टक्के किंवा शून्यावर ठेवल्याने.

सुटी संपवून विद्यार्थी हॉस्टेलला गेला आणि लॅपटॉप घरीच राहणार असेल, तर बॅटरी निम्म्यावर आणावी, शिफ्ट धरून पूर्ण शट डाउन करावे, चार्जर काढावा आणि लॅपटॉप कोरड्या जागी ठेवावा. घाटमाथ्यावरच्या पावसाळी दमटपणात बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात. शून्यावर ठेवलेली बॅटरी महिन्या-दोन महिन्यांत इतकी खाली जाऊ शकते, की ती परत चार्जच होत नाही. तेव्हा महिन्यातून एकदा कोणीतरी लॅपटॉप सुरू करून बॅटरी पाहावी.

आणि हातातला मोबाइल?

मोबाइल तर कायमच स्लीपमध्ये असतो. त्यालाही अधूनमधून मुळापासून सुरू होण्याची गरज असते. फोन आठवड्यातून एकदा बंद करून सुरू करावा, असा सल्ला अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने २०२० मध्ये दिला होता. फक्त रॅममध्ये राहणारी काही घातक सॉफ्टवेअर त्याने निघून जातात. लॅपटॉपलाही हाच नियम लावता येतो : आठवड्यातून एकदा रीस्टार्ट.

थोडक्यात : कोणत्या वेळी काय?

- तासा-दोन तासांसाठी उठताना आणि बॅटरी चांगली असताना : स्लीप.
- काम अर्धे ठेवून रात्री झोपताना, किंवा वीज गेलेली असताना : फाइल सेव्ह करून हायबरनेट.
- काम पूर्ण झाल्यावर, प्रवासाला निघताना, कार्यालय बंद करताना : शट डाउन.
- प्रिंटर, वाय-फाय, डोंगल अडल्यावर, अपडेटनंतर आणि आठवड्यातून एकदा : रीस्टार्ट.
- दुरुस्तीला देताना किंवा महिनाभर ठेवून देताना : शिफ्ट धरून शट डाउन, बॅटरी निम्म्यावर.
- बॅटरी निकामी असेल तर : स्लीप नको, सेव्ह करून शट डाउन.
- विजा कडाडू लागण्याआधी : लॅपटॉप चालू असो वा बंद, चार्जर आणि राउटरचा प्लग बोर्डातून बाहेर.

यातले कोणतेही काम करायला पैसे लागत नाहीत. हायबरनेटची खूण करायला पाच मिनिटे, धोक्याची पातळी बदलायला आणखी दोन. पावसाळ्याच्या तोंडावर घराची कौले शाकारली जातात, गोवऱ्या-सरपण आत घेतले जाते. त्याच दिवसांत घरातल्या, शाळेतल्या आणि ग्रामपंचायतीतल्या लॅपटॉपची ही दोन सेटिंगही पाहून घ्यावीत.